दोघांनी देश निवडायचा असेल तर आधी ‘दुसऱ्या’चा व्हिसा वाचा

परदेशी जायचं ठरवणारी जवळपास सगळी जोडपी एक तक्ता बनवतात. एका बाजूला देश, वर पगार, भाषा, हवामान, पीआर (कायमचा वास्तव्य परवाना) किती वर्षांत. आम्हीही बनवला होता, रंगीबेरंगी, आणि त्याचा आम्हाला बराच अभिमानही होता. मग मला ऑफर आली. एचआरच्या मेलमध्ये लिहिलं होतं की जोडीदाराला ‘सोबत आणता येईल’. मी राजीनामा देणार त्याच्या तीन दिवस आधी नवऱ्याने तिथल्या सरकारी संकेतस्थळावर स्वतःच्या व्हिसाचं पान उघडलं. सोबत येता येणार होतं. काम करता येणार नव्हतं. आमच्या तक्त्यात याला रकानाच नव्हता.

ती ऑफर आम्ही सोडली. त्यानंतर दीड वर्षाने जिथे गेलो, तिथवर पोचताना ज्या क्रमाने विचार केला तो खाली मांडते. पगार त्यात बराच उशिरा येतो.

सोयीसाठी एक शब्दयोजना: ज्याच्या नोकरीवर किंवा गुणांवर व्हिसा मिळतो तो ‘पहिला’, त्याच्या आधाराने येतो तो ‘दुसरा’. घरात कोण पहिलं असावं, हेही ठरवायचंच आहे. ते तिसऱ्या पायरीवर.

पायरी १: देशांची नावं काढण्याआधी दोन कागद

दोघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न दाखवता, एकेक कागद लिहायचा. त्यावर दोनच गोष्टी: काय सोडायला तयार आहे आणि काय नाही. ‘दोन वर्षं नोकरी नसली तरी चालेल’ असं कुणी लिहिलं तर ठीक, पण ते त्याने स्वतःहून लिहिलेलं असावं, जोडीदाराने गृहीत धरलेलं नको. तासाभराचं काम आहे. आमच्या कागदांवर मुलांबद्दलचा मजकूर इतका वेगळा निघाला की देशांचा विषय दोन आठवडे बाजूला पडला.

पायरी २: दुसऱ्याला काम करता येईल का?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. ‘डिपेंडंट व्हिसा’ हे नाव सगळीकडे एकच असलं तरी त्याच्या पोटात देशागणिक वेगळं काहीतरी असतं.

मोकळे देश आधी घेऊ. जर्मनीत ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांसाठीचा युरोपीय कामाचा परवाना) असलेल्याच्या जोडीदाराला कोणतीही नोकरी करता येते, आणि एरवी जोडीदाराकडून येण्याआधी मागितला जाणारा ए१ म्हणजे प्राथमिक पातळीच्या जर्मन भाषेचा दाखलाही त्याला लागत नाही. नेदरलँड्समध्ये उच्चकुशल कामगाराच्या जोडीदाराच्या कार्डावर काम करायला मोकळी परवानगी असल्याचं छापूनच येतं. आयर्लंडमध्ये क्रिटिकल स्किल्स (टंचाई असलेल्या पेशांसाठीच्या) परमिटवाल्याच्या जोडीदाराला ‘स्टॅम्प १जी’ मिळतो, म्हणजे वेगळं वर्क परमिट नको; मे २०२४ पासून ही सोय जनरल परमिटवाल्यांच्या जोडीदारांनाही मिळाली. ऑस्ट्रेलियाच्या ४८२ या, कंपनीने बोलावलेल्यांसाठीच्या व्हिसावर दुसऱ्याच्या कामावर बंधन नाही. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसावरही जोडीदार जवळजवळ कुठलंही काम करू शकतो.

मधले देश जास्त फसवे, कारण तिथे उत्तर ‘हो, पण’ असं असतं. अमेरिकेत एच-१बी या कुशल कामाच्या व्हिसावरच्या माणसाचा जोडीदार एच-४ वर येतो. पहिल्याच्या ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा आय-१४० हा टप्पा मंजूर झाला असेल, किंवा एच-१बीला सहा वर्षांपलीकडची मुदतवाढ मिळाली असेल, तरच त्याला कामाचा परवाना मागता येतो. ही सवलतही २०१५ पासूनची. पण तीच कंपनी तुम्हाला आधी दुसऱ्या देशातल्या शाखेत ठेवून एल-१ वर अमेरिकेत पाठवणार असेल, तर एल-२ वरच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळा परवाना न काढता काम करता येतं. म्हणजे देश एकच आणि कंपनीही एकच, व्हिसाचं अक्षर तेवढं वेगळं, आणि दुसऱ्याची दोनतीन वर्षं त्यावर ठरतात. ऑफरच्या बोलणीत पगार वाढवून मागण्यापेक्षा अक्षर बदलून मागणं कधीकधी जास्त मोलाचं ठरतं.

कॅनडाची ख्याती उदार देशाची आहे, पण २१ जानेवारी २०२५ पासून दुसऱ्याला ओपन वर्क परमिट (कुठल्याही कंपनीत काम करायची मुभा) सरसकट मिळत नाही. पहिल्याची नोकरी वरच्या कौशल्यश्रेणीतली किंवा ठरावीक यादीतली हवी आणि त्याच्या परमिटची किमान १६ महिने मुदत शिल्लक हवी. पहिला विद्यार्थी असेल तर डॉक्टरेट, १६ महिने किंवा जास्त लांबीची मास्टर्स पदवी, किंवा काही ठरलेले व्यावसायिक अभ्यासक्रम, एवढ्यांनाच ही सोय आहे. वर्षभराच्या मास्टर्सवर ‘आधी एकाने शिकायला जाऊ, दुसरा नोकरी करेल’ हा जुना बेत तिथे आता चालत नाही. ब्रिटनमध्ये तर १ जानेवारी २०२४ पासून संशोधनपर पदव्या सोडता बहुतेक नव्या विद्यार्थ्यांना जोडीदाराला आणताच येत नाही, आणि ११ मार्च २०२४ पासून नव्या केअर वर्कर्सची (वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांची) ही सोयही बंद झाली.

जपानमध्ये साध्या डिपेंडंट व्हिसावर परवानगी काढून आठवड्याला २८ तास काम करता येतं. भाषा शिकता शिकता अर्धवेळ काम करणाऱ्याला ते पुरेल, करिअर असलेल्याला नाही. सिंगापूरमध्ये १ मे २०२१ पासून डिपेंडंट पासवाल्याला नोकरी करायची तर स्वतःचा वर्क पास लागतो. पूर्वी नुसतं संमतिपत्र पुरायचं. म्हणजे तिथे ‘दुसरा’ असं कुणी नाहीच, दोघांनाही पहिलंच व्हावं लागतं.

तरुणांसाठीचा वर्किंग हॉलिडे व्हिसा (फिरता फिरता काम करू देणारा) या सगळ्याच्या बाहेरचा. वयाची अट बहुतेक ठिकाणी १८ ते ३०, देशादेशांतल्या काही करारांत ३५ पर्यंत. तो प्रत्येकाने आपापल्या पासपोर्टवर काढायचा असतो. तुमचं नातं तिथे मोजलंच जात नाही. दोघांचे पासपोर्ट वेगळ्या देशांचे असतील तर एकाला मिळेल आणि दुसऱ्याला करारच नसेल, असं होऊ शकतं.

आणि दोघांपैकी एकाकडे युरोपीय संघातल्या देशाचं नागरिकत्व असेल, तर एक उलटी गंमत लक्षात ठेवा. २००४ च्या मुक्त संचाराच्या निर्देशानुसार जोडीदाराला राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क मिळतो, पण नागरिक स्वतःच्या देशाबाहेरच्या संघदेशात राहत असेल तेव्हा. जर्मन नागरिकाच्या जोडीदाराला जर्मनीत जर्मन कायदा लागतो, त्यातल्या भाषेच्या अटीसकट. तेच जोडपं स्पेनला गेलं तर युरोपीय नियम लागतो आणि तो बहुधा सोपा पडतो.

हे नियम दर वर्षा-दोन वर्षांनी हलतात. एजंटचं, मित्राचं, माझंही ऐकून थांबू नका. अर्ज करायच्या आठवड्यात त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचं ‘दुसऱ्या’चं पान उघडा आणि ज्याला त्या व्हिसावर जगायचं आहे त्यानेच ते वाचा.

पायरी ३: पहिलं कोण?

जास्त कमावतो तो पहिला, असं आपोआप ठरतं. ते नेहमी बरोबर नसतं.

कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरसाठीच्या निवडपद्धतीत, गुण मोजतात. जोडीदार सोबत असेल तर पहिल्याचे वयाचे जास्तीत जास्त गुण ११० वरून १०० होतात, इतर काही रकान्यांतही थोडे कापले जातात, आणि कापलेले ते ४० गुण दुसऱ्याच्या शिक्षण, भाषा आणि कॅनडातल्या अनुभवाला दिले जातात. दुसऱ्याने भाषेची परीक्षा दिलीच नाही तर त्याचे २० गुण बुडाले. परीक्षा सक्तीची नसते म्हणून बरेच जण टाळतात. मला न कळणाऱ्या आळसांपैकी हा एक. वयाचे पूर्ण गुण २० ते २९ पर्यंतच मिळतात, तिसाव्या वर्षापासून दर वर्षी पाच-पाच कमी होत जातात. म्हणून दोघांपैकी लहान असलेल्याला पहिलं करून आकडेमोड करून पाहा, मग उलट करून पाहा. दोघांनी दोन वेगळे प्रोफाइल भरून एकमेकांना जोडीदार म्हणून दाखवलं तरी चालतं.

ऑस्ट्रेलियाच्या गुणपद्धतीत किमान ६५ गुण लागतात आणि सगळ्यात जास्त म्हणजे ३० गुण २५ ते ३२ या वयाला आहेत. जोडीदार स्वतः कुशल असेल, म्हणजे वय ४५ च्या आत, व्यवसाय यादीत, कौशल्य-मूल्यांकन झालेलं आणि इंग्रजी ठरलेल्या पातळीचं, तर १० गुण. फक्त इंग्रजी असेल तर ५. आणि एकट्या अर्जदारालाही १० गुण! म्हणजे जोडीदाराची कागदपत्रं अर्धवट ठेवणारं जोडपं एकट्या माणसापेक्षा मागे पडतं. दुसऱ्याचं मूल्यांकन हा ‘नंतर बघू’चा विषय नाही.

अमेरिकेच्या ग्रीन कार्डात आणखी एक कोपरा आहे. तिथे कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा मिळत नाही, आणि इथे नागरिकत्व नव्हे तर जन्मदेश मोजला जातो. मात्र जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल तर त्याच्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. लांबलचक रांग असलेल्या देशात जन्मलेल्या माणसासाठी जोडीदाराचा जन्मदाखला काही वर्षं वाचवू शकतो.

पायरी ४: पेशाला परवाना लागतो का?

सॉफ्टवेअर, डिझाइन, मार्केटिंगवाल्यांनी ही पायरी ओलांडून पुढे जावं. डॉक्टर, नर्स, शिक्षक, वकील, फिजिओथेरपिस्ट यांनी मात्र इथे थांबायचं. कामाचा व्हिसा आणि पेशाचा परवाना ही दोन वेगळी दारं आहेत आणि दुसरं बरंच जड असतं. नर्सला अमेरिकेत एनक्लेक्स परीक्षा आहे. ब्रिटनमध्ये संगणकावरची परीक्षा आणि मग ऑस्की नावाची प्रात्यक्षिक परीक्षा. जर्मनीत डॉक्टरला वैद्यकीय भाषेची वेगळी परीक्षा द्यावी लागते आणि तिची पातळी सी१ ची असते, म्हणजे रोजच्या बोलण्यापलीकडची.

घरात एक सॉफ्टवेअरवाला आणि एक नर्स असेल, तर माझ्या मते देश नर्सने निवडावा. सॉफ्टवेअरवाला कुठेही बसेल.

इतरांनीही पदवीची ओळख आधी तपासावी. जर्मनीसाठी ‘अनाबिन’ या सरकारी माहितीसाठ्यात आपलं विद्यापीठ आणि पदवी फुकट शोधता येते. कॅनडासाठीचं पदवीचं मूल्यांकन पाच वर्षं चालतं, आयईएल्ट्सचा निकाल दोनच वर्षं. म्हणून मूल्यांकन आधी करून घ्यायला हरकत नाही, परीक्षा मात्र अर्ज जवळ आल्यावर द्या.

पायरी ५: नोकरी गेली तर किती दिवस?

हा प्रश्न ऑफरच्या आनंदात कुणी विचारत नाही. अमेरिकेत एच-१बीवाल्याला नोकरी सुटल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. सिंगापूरमध्ये पास रद्द झाल्यावर साधारण ३० दिवस. युरोपीय संघाच्या २०२१ च्या ब्लू कार्ड निर्देशात किमान तीन महिने आणि कार्डाला दोन वर्षं झाली असतील तर सहा महिने. ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून एका वेळी १८० दिवस, एकूण मिळून ३६५. पहिल्याची मुदत संपली की दुसऱ्याचीही संपते, त्याची नोकरी झकास चालू असली तरी.

म्हणून शक्य असेल तिथे वर्षा-दोन वर्षांत दुसऱ्याने स्वतःच्या नोकरीवर स्वतंत्र परवाना काढावा. मग एकाची नोकरी गेली तर दोघं दुसऱ्याच्या परवान्यावर तग धरू शकतात.

याच पायरीवर एक अवघड विषय. डिपेंडंट व्हिसा नात्यावर उभा असतो. नातं तुटलं तर तोही जातो. यावर बोललं म्हणजे अविश्वास दाखवला, असं नाही. दुसऱ्याच्या नावावर वेगळं बँक खातं असावं, त्याचा पासपोर्ट आणि मूळ कागद त्याच्याच हाताशी असावेत, आणि परतीच्या तिकिटापुरते पैसे त्याच्याच खात्यात असावेत. निघण्याआधीच हे करून टाका.

पायरी ६: नात्याचा कागद

लग्न झालेलं असेल तर काम सोपं, तरी प्रमाणपत्रावरची नावं पासपोर्टशी अक्षरशः जुळतात का ते आजच पाहा. लग्नानंतर एका कागदावर नाव बदललं आणि दुसऱ्यावर नाही, ही अडचण आमच्या ओळखीत तिघांना आली. एकीचे त्यात चार महिने गेले.

लग्न झालेलं नसेल तर देशांची यादीच बदलते. कॅनडात सलग १२ महिने एकत्र राहिल्याचे पुरावे लागतात, ऑस्ट्रेलियातही साधारण १२ महिन्यांची अट आहे, ब्रिटनमध्ये दोन वर्षांचं नातं दाखवावं लागतं. जपानच्या डिपेंडंट व्हिसाला कायदेशीर लग्नच हवं. एकत्र राहत असाल तर भाडेकरार, विजेचं बिल, विमा यांवर दोघांची नावं घालायला आजपासून सुरुवात करा. हे पुरावे नंतर मागे जाऊन तयार करता येत नाहीत. समलिंगी जोडप्यांनी तो देश त्यांचं नातं कायद्याने मानतो का, ही चाळणी सगळ्यात आधी लावावी.

कागद परदेशात खरे मानले जावेत म्हणून लागणारा अपोस्टिल शिक्का १९६१ च्या हेग करारातून आला. दोन्ही देश त्या करारात असतील तर एका शिक्क्यात काम होतं, नाहीतर वकिलातीच्या फेऱ्या. चीन ७ नोव्हेंबर २०२३ ला आणि कॅनडा ११ जानेवारी २०२४ ला त्यात आले, त्यामुळे या दोन देशांबद्दलचे जुने सल्ले आता चुकीचे आहेत.

पायरी ७: आता पगार

पगाराचा आकडा एकट्याचा बघू नका. दोघांच्या हातात येणारी रक्कम, वजा भाडं, वजा विमा, असा हिशोब मांडा. आणि दोनदा मांडा, एकदा दोघं कमावतात असं धरून, एकदा एकच. दुसऱ्या हिशोबात महिनाअखेरीस काही उरत नसेल तर तो देश किंवा ते शहर सध्या आपल्यासाठी नाही.

व्हिसाचा खर्च माणशी असतो हे विसरलं जातं. ब्रिटनचा आरोग्य अधिभार (सरकारी आरोग्यसेवेसाठीचा) प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम, आधी. दोघांचा पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे १०,३५० पौंड, तेही पहिला पगार हातात पडायच्या आत. कंपनी हा खर्च देते का आणि दुसऱ्याचाही देते का, हे लेखी घ्या.

करात जोडपं कसं मोजतात तेही पाहा. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया प्रत्येकाचा कर वेगळा धरतात; अमेरिका, जर्मनी, फ्रान्स यांच्याकडे एकत्र मोजायची सोय आहे, म्हणून एकच कमावता असेल तर तिथे फायदा. जर्मनीत मात्र एक सापळा आहे. तिथे पगारातून दरमहा किती कर कापायचा ते करवर्गावर ठरतं. नवी जोडपी जास्त कमावणाऱ्याला करवर्ग ३ आणि कमी कमावणाऱ्याला ५ घेतात, कारण महिन्याची एकूण रक्कम जास्त दिसते. पण बेकारी भत्ता आणि बाळंतपणानंतरचा पालक भत्ता हातात येणाऱ्या पगारावर ठरतो, आणि करवर्ग ५ मध्ये तोच आटलेला असतो. वर्षअखेर विवरणपत्र भरल्यावर दोघांचा एकूण कर तेवढाच येतो. म्हणून मूल हवं असेल किंवा दुसऱ्याची नोकरी डळमळीत असेल तर ४-४, म्हणजे दोघांनाही करवर्ग ४, बरा.

पायरी ८: देश नव्हे, शहर

आपण देश निवडतो आणि राहतो शहरात. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनमध्ये चिप बनवणाऱ्या यंत्रांचा उद्योग आहे, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये औषधांचा. तुमच्यापैकी एक त्या उद्योगातला आणि दुसरा पूर्ण वेगळ्या क्षेत्रातला असेल, तर पहिल्याला स्वर्ग आणि दुसऱ्याला रोजचा ट्रेनचा प्रवास. चार आठवडे, दर रविवारी, दुसऱ्याच्या क्षेत्रातल्या त्या शहरातल्या जाहिराती मोजा. त्यातही त्याला येणाऱ्या भाषेतल्या किती, ते वेगळं लिहा. आमच्या यादीतली दोन शहरं या मोजणीने गळाली, आणि त्यातलं एक माझं फार आवडतं होतं.

घराबद्दल थोडक्यात. सुरुवातीला तात्पुरतं घर घ्याल, तेव्हा त्या पत्त्यावर सरकारी नोंदणी होते का हे आधी विचारा. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. नोंदणी अडली की कर क्रमांक आणि बँक खातंही अडतं. तिथे अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देता येते. भाड्याच्या घरात स्वयंपाकघराचे ओटे-कपाटंही नसू शकतात, याचा धक्का आधीच बसलेला बरा.

पायरी ९: एकत्र जायचं की एकाने आधी?

दुसऱ्याची चालू नोकरी असेल तर पहिल्याने दोनतीन महिने आधी जाऊन घर आणि नोंदणी उरकणं पैशाने स्वस्त पडतं. पण हे अंतर किती, ते तारखेने ठरवा. ‘सगळं मार्गी लागलं की ये’ म्हटलं की ते कधीच पुरेसं मार्गी लागत नाही. या मधल्या काळात दुसऱ्याने भाषेला लागावं. तिथे पोचल्यावर पहिल्याला ऑफिस असतं, बोलायला माणसं असतात. दुसऱ्याला भाषेखेरीज घराबाहेर पडायला निमित्त नसतं.

पायरी १०: पोचल्यावर पहिल्या आठवड्यात

दोघांच्याही फोनच्या कॅलेंडरमध्ये दोघांच्याही परवान्यांच्या आणि पासपोर्टच्या शेवटच्या तारखा टाका, सहा महिने आधीच्या आठवणीसह. दोघांचे परवाने एकाच दिवशी संपतील असं धरून चालू नका. कॅनडासारख्या देशात परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. माझा पासपोर्ट नवा, नवऱ्याचा जुना, आणि त्याचं कार्ड माझ्यापेक्षा चौदा महिने आधी संपणारं निघालं. कार्ड हातात घेऊन आम्ही दोघांनी फोटो काढला होता. तारीख आठवड्याने वाचली.